गोदीतून आलेलं अंतराळ

वासंती दळवीच्या घरी आतल्या खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असायची. त्या ट्रंकेला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती आणि खरं सांगायचं तर परवानगी मागायला कधी कुणी आलंही नव्हतं. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या मजल्यावरच्या बायकांचा समज असा, की दळवीवहिनींनी त्यात लग्नातले शालू आणि पितळेची भांडी ठेवली असणार. वासंतीने तो समज कधी खोडून काढला नाही. ट्रंकेत रशियाचे बिल्ले आहेत, कुत्रीचं चित्र असलेल्या काड्यापेटीचे छाप आहेत, रॉकेटची टपाल-तिकिटं आहेत, असं सांगितलं असतं तर पुढे "कशासाठी?" हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तिला नीट देता आलं नसतं.

तिचा बाप, नाथा भुवड, मूळचा गुहागरकडचा. मुंबईच्या गोदीत मालाची चढउतार करायचा. बिऱ्हाड डॉकयार्डजवळच्या चाळीत. रशियाच्या बोटी लागायच्या तेव्हा नाथा खिशात अगरबत्तीचे पुडे घेऊन जायचा. खलाशांना मराठी येत नव्हतं आणि नाथाला रशियन, पण पुडा नाकाशी धरला की खलाशी हसायचे आणि सदऱ्याला टोचलेला एखादा बिल्ला काढून नाथाच्या हातावर ठेवायचे. एवढाच व्यवहार. ते बिल्ले कसले, हे नाथाला ठाऊक नव्हतं. पोरीला चकाकणारं काहीतरी न्यावं, इतकंच त्याच्या मनात असायचं. घरी आल्यावर शेजारच्या पोस्टमनकडून नाहीतर शाळेच्या मास्तरांकडून वासंतीच शोधून काढायची, की हा गोळा म्हणजे स्पुटनिक आणि ही कुत्री लायका, जी वर गेली आणि परत आलीच नाही.

वासंती दहा वर्षांची असताना, त्रेसष्ट साली, एक बाई अंतराळात जाऊन आली. पेपरात फोटो आला तो चाळीतल्या बायकांनी पाहिला आणि खुदुखुदू हसून सोडून दिला. पुढे काही महिन्यांनी नाथाने निळ्या मीनाकारीचा एक बिल्ला आणला. त्यावर शिरस्त्राण घातलेला बाईचा चेहरा आणि बाजूला उडणारा समुद्रपक्षी. नाथाने ग्रीस लागलेल्या बोटांनी तो तिच्या फ्रॉकला टोचला आणि म्हणाला, "बाय, ही बघ बाईमाणूस. एकटी गेली वर, एकटी आली खाली. सोबतीला कोण नव्हतं."

वासंती मॅट्रिकला असताना नाथा छातीच्या दुखण्याने गेला. तिच्या थोरल्या भावाला कॉलेजात घालायचं ठरलं आणि वासंतीने टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी धरली. गोदी सुटली तरी बिल्ल्यांचा नाद सुटला नाही. बरोबरच्या एका मुलीचा भाऊ बोटीवर होता, त्याच्याकडून तिने मंगोलियाची तिकोनी तिकिटं मिळवली. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं मिळायची. इतर लोक त्या कागदाने पोरांच्या वह्यांना कव्हरं घालत, वासंती आतले रॉकेटचे फोटो कापून जपत असे. चहाचा ग्लास ठेवायचं धातूचं एक कडं होतं, त्यावर पृथ्वीभोवती फिरणारा स्पुटनिक कोरलेला. ते तिने आपल्या पहिल्या बोनसमधून घेतलं. त्याच महिन्यात तिच्या आईला चष्मा हवा होता. तो पुढच्या महिन्यात झाला आणि आईने ते कधी विसरू दिलं नाही.

लग्न झालं ते सुभाष दळवीशी. सुभाष मूळचा रायगडकडचा, एका विजेच्या सामानाच्या कंपनीत कारकून. स्वभावाने वाईट नव्हता. दारू नाही, शिवीगाळ नाही. फक्त बायकोला स्वतःचं असं काही असू शकतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरली नाही. ट्रंक पहिल्यांदा उघडलेली पाहिली तेव्हा तो म्हणाला होता, "हे काय भंगार जमवलंयस?" नंतर तोच शब्द घरात रुळला. सासूने एकदा मासिकांचा एक गठ्ठा रद्दीवाल्याला घातला आणि आलेल्या पैशांची कोथिंबीर-मिरची आणली. चौऱ्याऐंशी साली आपला माणूस रशियाच्या यानातून वर गेला, तेव्हा वासंतीने रजा टाकून शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बैठक मारली होती. संध्याकाळी सुभाषने सगळ्यांसमोर विचारलं, "काय, तुझ्या माहेरचं कोण आहे का त्यात?" सगळे हसले. वासंतीही हसली. हसण्यावारी नेलं की विषय लवकर संपतो, हे ती तोवर शिकली होती.

पुढे मीरा रोडला जागा घेतली तेव्हा सामान हलवताना सुभाष म्हणाला, "ती ट्रंक इथेच सोड. नव्या घरात कशाला?" वासंती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली आणि ट्रंक मांडीवर घेऊन सगळा रस्ता तशीच आली. मांडीवर पत्र्याच्या कडेचा वळ उठला होता तो कितीतरी दिवस गेला नाही.

अशी वर्षं गेली. दोघंही निवृत्त झाली, वासंतीने तर मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मुलगा निकेत नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. सून समिधा जवळच्याच एका शाळेत शिकवत होती. दोन हजार आठच्या ऑक्टोबरात चांद्रयान गेलं आणि एकाएकी सगळ्यांना चंद्राचं वेड लागलं. सोसायटीत, भाजीवाल्याकडे, जिथे तिथे तोच विषय. त्या दिवसांत एका दुपारी वासंतीने सुनेसमोर पहिल्यांदा ट्रंक उघडली. समिधा जमिनीवर मांडी घालून बसली ती उठेचना.

"आई, हे सगळं तुमचं? इतकी वर्षं? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही गं."

"जानेवारीत आमचं गॅदरिंग आहे. त्यात विज्ञान प्रदर्शन असतं. हे तिथे मांडूया. प्लीज, नाही म्हणू नका."

वासंती आधी नाहीच म्हणाली. मग दोन दिवस तिला दुसरं काही सुचेना. तिसऱ्या दिवशी तिने मरून मखमल आणली, तिला इस्त्री केली, पुठ्ठ्यावर ताणून बसवली आणि बिल्ले सालवार टोचायला घेतले. प्रत्येक वस्तूसाठी पोस्टकार्डाएवढा कागद कापून त्यावर स्वच्छ अक्षरात माहिती लिहिली. कुठलं यान, कोण गेलं, काय झालं. ज्याच्याशी जी आठवण निगडित होती तीही थोडक्यात लिहिली. 'हा बिल्ला गोदीत अगरबत्तीच्या पुड्याच्या बदल्यात मिळाला', असं लिहिताना तिला वाटलं, आपल्या बापाची गोष्ट पहिल्यांदा कुठेतरी चारचौघांत लागणार.

प्रदर्शनाच्या सकाळी ती ठेवणीतली नारायणपेठ नेसून गेली. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यावर चंद्र, रॉकेट, नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'श्री. सुभाष दळवी यांचा दुर्मिळ अंतराळ-संग्रह'.

वासंती थांबली. समिधा धावत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, मी आत्ताच पाहिला. प्रिन्सिपल मॅडमनी फोनवर विचारलं, कुणाचा संग्रह. मी म्हटलं, माझ्या सासरी आहे. त्यांनी बाबांचं नाव टाकून दिलं. मी आत्ता बदलायला सांगू का? पण पाहुणे येतायत…"

"राहू दे," वासंती म्हणाली. "हे स्टेजवर सांगतील ना."

हे म्हणजे सुभाष. तो शेजारीच उभा होता, नव्या कडक शर्टात. फ्लेक्सकडे बघून त्याने घसा खाकरला. "छापणाऱ्यांचा घोळ. सांगतो मी," असं तो म्हणालाही.

कार्यक्रम सुरू झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी सुभाषरावांना स्टेजवर बोलावलं. शाल आली, नारळ आला. सभागृहभर मुलं आणि पालक. मग त्याच्या हातात माईक दिला. वासंती दुसऱ्या रांगेत बसली होती. सुभाष माईकसमोर उभा राहिला. त्या क्षणी त्याने तिच्याकडे पाहिलं, हे तिला पुढे आयुष्यभर खात्रीने सांगता आलं असतं. त्याने पाहिलं, आणि मग समोरच्या गर्दीकडे पाहिलं. उभ्या नोकरीत ज्याला कुणी चहाच्या टेबलावरही पूर्ण वाक्य बोलू दिलं नव्हतं, त्याच्या तोंडाकडे आज इतकी माणसं बघत होती.

"लहानपणापासून मला आकाशाचं वेड," सुभाष म्हणाला.

टाळ्या पडल्या. त्यानंतर तो थांबला नाही. घरात इतकी वर्षं कानावरून गेलेलं सगळं त्याला बरोबर आठवत होतं. लायका आठवली, गोदी आठवली. गोदीत आपले एक नातेवाईक होते, असं तो म्हणाला. नाथाचं नाव नाही, सासरे असंही नाही. एक नातेवाईक. समिधा मान खाली घालून बसली. निकेतने आईच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण फोटोवाला त्यांच्याकडे वळला होता.

शेवटी नगरसेवक आभार मानायला उठले तेव्हा सुभाषला काय हुक्की आली कोण जाणे. तो टेबलाजवळ गेला, मखमलीवरचा निळा बिल्ला उपटला आणि "माझ्याकडून एक छोटीशी भेट" म्हणून नगरसेवकांच्या जाकिटाला टोचला. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला. मखमलीवर मधोमध दोन बारीक भोकं राहिली.

घरी आल्यावर वासंतीने साडी बदलली, चहा टाकला, कप सुभाषसमोर ठेवला आणि मग विचारलं, "तुम्ही सांगणार होतात ना?"

"अगं, मध्येच कसं सांगायचं? किती ऑकवर्ड झालं असतं सगळ्यांना. मॅडमचा विचार कर. समिधाची नोकरी आहे तिथे."

"आणि बिल्ला?"

"आता एका बिल्ल्याचं काय घेऊन बसलीस! तुझ्याकडे ढीग आहे. उलट ओळख झाली. उद्या पाण्याच्या लाइनचं काही निघालं तर माणूस कामाला येईल."

"तो माझ्या बापाने दिला होता."

सुभाष चहा ढवळत राहिला. "मग सांगायचंस ना तेव्हाच," तो म्हणाला. "मला काय माहीत, कुठला कुणी दिला."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच रिक्षाने नगरसेवकांच्या कार्यालयात गेली. बाहेर रेशनकार्डवाले, गटारवाले, नळवाले बसले होते. तीही बसली. तिचा नंबर आला तेव्हा नगरसेवक आदराने उभे राहिले. माणूस गोड होता.

"या या वहिनी! साहेबांचं भाषण काय झालं हो! बोला, काय काम काढलंत?"

"काल तुम्हाला तो बिल्ला दिला, तो मला परत हवाय. दुसरा एखादा देते त्याऐवजी."

नगरसेवकांना काही उमजेना. "बिल्ला? हां हां, तो!" त्यांनी जाकिटाकडे हात नेला. अंगात दुसरं जाकीट होतं. टेबलाचा खण उघडला, बंद केला. आतल्या माणसाला हाक मारली. तो म्हणाला, "कालचं जाकीट लाँड्रीत गेलं, साहेब." लाँड्रीत फोन लावला. तिथून हिंदीत उत्तर आलं, की जाकिटाला काही नव्हतं. दुसऱ्या एकाने आठवण दिली, की काल रात्री हळदीच्या कार्यक्रमात कुणाचंतरी पोर कडेवर घेतलं होतं आणि ते पोर बिल्ल्याशी खेळत होतं.

"मिळाला की घरपोच पाठवतो, वहिनी," नगरसेवक म्हणाले. मनापासूनच म्हणाले. "पण साहेबांनी एवढ्या प्रेमाने दिला, आणि तुम्ही मागायला आलात… साहेबांना माहीत आहे ना?"

वासंती उठली. परतताना रिक्षात तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

त्या आठवड्यात स्थानिक पेपरात फोटो आला. सुभाषने चार प्रती आणल्या. एक लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावली. सोसायटीतली माणसं त्याला लिफ्टमध्ये चंद्राबद्दल विचारू लागली. प्रदर्शनाला फोर्टचा एक तिकिटांचा व्यापारी येऊन गेला होता, चंदन नावाचा. तो कार्ड देऊन गेला होता, अर्थात सुभाषला. ते कार्ड टीव्हीच्या खाली पडलं होतं. वासंतीने सुभाष फिरायला गेलेला पाहून फोन केला आणि दोन दिवसांनी त्याच वेळेला चंदन आला.

त्याने बिल्ले पाहिले, तिकिटं भिंगाखाली धरली, धातूचं कडं उलटंसुलटं करून बघितलं. "माल चांगलाय, वहिनी. पण एकत्र नाही जाणार. बिल्लेवाला वेगळा, तिकिटवाला वेगळा. फोडावं लागेल."

"फोडा."

"नक्की? इतक्या वर्षांचं जमवलेलं हाय."

"द्याल ते द्या आणि घेऊन जा."

चंदनने पावतीचं बुक काढलं. लिहिता लिहिता थांबला. "साहेबांची सही लागेल पण."

"हे माझं आहे."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो? पण पेपरात नाव त्यांचं आलंय. उद्या ते दुकानात येऊन उभे राहिले, की माझा माल कुणी विकला, तर मी काय बोलणार? मला लफडा नको, वहिनी."

वासंतीने पावती उचलली. "आत आहेत ते, आडवे झालेत. सही आणते," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. पलंगाच्या कडेला बसून तिने सुभाषची सही केली. हे तिला नवीन नव्हतं. निकेतच्या प्रगतिपुस्तकावर, सोसायटीच्या अर्जांवर, बँकेच्या चिठ्ठ्यांवर त्याच्या आळसापायी तिनेच ती केली होती. शेवटच्या अक्षराची वेलांटी लांब ओढली की झालं. आपल्या वस्तूंवर आपल्या हाताने आपण त्याचं नाव लिहिलं, हे तिच्या लक्षात आलं ते चंदन सगळं पिशव्यांत भरून लिफ्टमध्ये शिरल्यावर. ती दार उघडं टाकून तशीच उभी राहिली. लिफ्ट खाली गेली, पुन्हा वर आली, दुसऱ्याच मजल्यावर थांबली.

ट्रंकेत मागे डांबराच्या गोळ्या राहिल्या, मखमलीचा पुठ्ठा राहिला आणि तिने लिहिलेले ते माहितीचे कागद. चंदनला मराठी कागदांचा उपयोग नव्हता.

पुढच्याच आठवड्यात केबल चॅनलवरून इशिता नावाची एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन मुलाखतीला आली. सुभाष दाढी करून, पावडर लावून बसला होता. "थांबा, खजिना आणतो," म्हणून तो आत गेला. वासंती ओट्यापाशी होती. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज तिने ऐकला. तिने गॅस बारीक केला.

सुभाष बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदांचा तो गठ्ठा होता. त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता.

"संग्रह आता माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "मी तो दान केला. अशी ठेव एका माणसाच्या घरात पडून राहू नये. लोकांची आहे, लोकांकडे गेली."

"वॉव, सर!" इशिता म्हणाली. "कुठे दान केलात?"

"नाव नको. गाजावाजा मला आवडत नाही."

मग त्याने कागद वाचायला घेतले. वासंतीचं वाक्यन् वाक्य, वासंतीचे स्वल्पविराम. ओट्यापाशी उभी राहून ती ऐकत होती. तो चांगलं वाचत होता, हे तिला कबूल करावं लागलं.

माणसं गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. "कुणाला दिलंस?"

"विकलं."

"मला न विचारता?"

"पावतीवर तुमची सही आहे," वासंती म्हणाली.

त्याला ते समजायला वेळ लागला. मग तो स्टुलावर बसला. रागावेल असं तिला वाटलं होतं. कदाचित तिला तेच हवं होतं, एकदा तरी त्याने त्या ट्रंकेपायी आरडाओरडा करावा. पण तो रागावला नाही. घाबरलेल्या माणसासारखा तिच्याकडे बघत म्हणाला, "मी आता लोकांना काय दाखवू?"

"दाखवायला कशाला पाहिजे? दान केलंत ना."

तिने ते टोचून म्हटलं होतं. सुभाषने ते मनावर घेतलं. दान केल्याची बातमी पसरली आणि त्याचा मान वाढला. महिलामंडळाने बोलावलं, ज्येष्ठ नागरिक संघाने बोलावलं, भाईंदर पूर्वेच्या दोन शाळांनी बोलावलं. वस्तू नसल्यामुळे आता त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. त्याच्या भाषणातले बिल्ले वाढत गेले, तो खलाशांची नावंही सांगू लागला. एका भाषणात तो स्वतःच लहानपणी अगरबत्तीचे पुडे घेऊन गोदीत गेला. निकेतने ते घरी येऊन आईला सांगितलं आणि म्हणाला, "सोड ना आई. या वयात बाबा खूश आहेत. तुझं काय जातंय?" समिधा त्या विषयावर बोलायचीच बंद झाली. सासू-सुनेत चांगलं जमत होतं ते हळूहळू भाजी काय करायची एवढ्यावर आलं.

वासंती एकदा फोर्टला गेली. चंदनच्या दुकानाच्या काचेत तिला धातूचं कडं दिसलं नाही, मखमलीवरचं काहीच दिसलं नाही. आत जाऊन विचारावं असं तिच्या मनात आलं. मग तो म्हणेल, साहेब कसे आहेत. ती पुढे चालत गेली.

त्या जुलैत माणूस चंद्रावर उतरल्याला चाळीस वर्षं झाली. दुपारी घरातला फोन वाजला. कुठल्याशा वाचनालयाचे कार्यवाह बोलत होते.

"दळवीसरांचं घर ना? सरांचं व्याख्यान ठेवायचं होतं. ते मोकळे असतील का?"

"असतात ते मोकळे," वासंती म्हणाली. "पण गुडघे दुखतात त्यांचे. रिक्षा पाठवा."

"पाठवतो ना, नक्की पाठवतो. आपण कोण बोलताय?"

"मी मिसेस दळवी."

"अरे वा! मॅडम, तुम्हीही या ना मग सरांबरोबर. तुम्हालाही थोडीफार आवड असेलच की."

आतल्या खोलीत सुभाष तिचे कागद हातात धरून आरशासमोर पुटपुटत होता. कागद आता कडांना मऊ पडले होते.

"नाही हो," वासंती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही."

तिने वार आणि वेळ लिहून घेतली, रिसीव्हर ठेवला आणि सुभाषचा पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायला खाली गेली.